आकसापोटी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय.

चौदा मार्चला 'समक्ष पाहणी केली असता बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण असल्याचे आढळून आले' असं पूर्णत्वाच्या दाखल्यावर लिहून तुम्ही खाली सही केलीत. त्या दिवशी त्या घराला जिनाच नव्हता. वर जायला एक बांबूची शिडी होती, ती सम्राट कॉन्ट्रॅक्टरचा गडी सकाळीच छोट्या हत्ती टेम्पोत टाकून दुसऱ्या साइटवर घेऊन गेला होता. मी माझ्या दारात शिलाई मशीनवर बसून बघत होते. मग तुम्ही स्लॅबवर गेलात कसे? उडत? आणि वरचं राहू दे, खाली तरी आला होता का? आमच्या गल्लीत त्या दिवशी परका माणूस आला तो फक्त गॅस सिलिंडरवाला.

ते घर माझ्या थोरल्या जावेचं, संयोगिताअक्कांचं. त्यांची लेक अनुजा त्या घरात बाळंतपणाला येणार म्हणून मी ऑगस्टमध्ये तुमच्याकडं तक्रार दिली, की स्लॅब पातळ आहे, तडा गेलाय, येऊन बघा. तुम्ही आला नाहीत. कागद आला. 'अर्जदार व घरमालक या नात्याने जावा असून सदरची तक्रार वैयक्तिक आकसापोटी केल्याचे दिसून येते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

कुणाला विचारलंत? गल्लीत विचारलं असणार, नाहीतर सम्राटला. उत्तर बरोबर मिळालंय. आकस होता. होता कशाला, अजून आहे. मी जळते का नाही, एवढं तुम्ही तपासलंत. स्लॅब तपासला नाहीत. म्हणून माझं जळणं मीच इथं लिहून देते, काही न लपवता. तुमचं तेवढं काम वाचलं. उरलेलं करा.

आमच्या सासऱ्यांनी कोल्हापुरात दोन गुंठे घेऊन ठेवले होते. एक थोरल्याला, एक धाकट्याला. थोरले दीर वारणानगरला कारखान्यात नोकरीला, अक्का तिथल्या कॉलनीत, पक्क्या क्वार्टरमध्ये. धाकटे म्हणजे आमचे आकाराम, शिरोलीला फौंड्रीत. आमच्या गुंठ्यात आम्ही दोन खोल्या उठवल्या, वर पत्रा. सासूबाई सात वर्षं अंथरुणावर होत्या, त्या माझ्या घरात. अक्का सणासुदीला यायच्या, श्रीखंडाचा डबा घेऊन. सासूबाई चमचाभर श्रीखंड जिभेवर घोळवायच्या आणि म्हणायच्या, "संयोगितासारखी सून मिळाया नशीब लागतंय." सात वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. नशीब श्रीखंडाला.

दोन वर्षांपूर्वी दीर वारले, क्वार्टर सोडायला लागली. अक्का शेजारच्या मोकळ्या गुंठ्यावर राहायला येणार असं ठरलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, या आता, बघा पत्रा मे महिन्यात कसा भाजतो ते. दीर जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि मी हे मनात म्हटलं. मग आकारामांनी सांगितलं, "वैनी स्लॅबचं बांधणार हाईत. दादाचं फंडाचं पैसं आल्यात न्हवं."

स्लॅबचं. म्हणजे गल्लीत बिनस्लॅबचं घर एकच राहणार. माझं.

त्या दिवशी मी मशीनचं तोंड फिरवून घेतलं. आधी ते भिंतीकडं होतं, उजेड डावीकडनं यायचा. मी ते अक्कांच्या प्लॉटकडं केलं. आकाराम म्हणाले, "अगं, डोळ्यावर ऊन येतंय की." म्हटलं, येऊ दे. पाया काढला तेव्हापासून त्या घराची एकेक वीट मी बघितली आहे. तुमच्या खात्यात पगार घेऊन कुणी एवढं बघत नसेल. बाहेरच्या भिंतीला सिमेंट कमी आणि क्रशरचा भुगा जास्त पडायचा, ते मला दिसायचं. विटांवर पाणी मारत नव्हते, ते दिसायचं. मी फोनवर फोटो काढायचे. पुरावा म्हणून नाही. भावजय आली की दाखवायला, "बघ, काय थाट चाललाय."

सम्राट कॉन्ट्रॅक्टर. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल, बोलायला गूळ. अक्कांना 'काकी' म्हणायचा. येईल तेव्हा आधी दिरांच्या फोटोला नमस्कार घालायचा, मग चहा. "काकी, काकांनी वरनं बघितलं तर म्हणाय पायजे, सम्राटनं घर न्हाय, देऊळ बांधलं." अक्कांच्या डोळ्यात पाणी यायचं. घर होईपर्यंत अक्का गल्लीतच भाड्याच्या खोलीत राहत होत्या, नकाशा प्लॅस्टिकच्या फाइलीत त्यांच्या उशाशी असायचा. तो उघडून कुणी विचारलं नाही. विचारायला होतं कोण? अक्का सहावी शिकलेल्या, अनुजा पुण्यात, आमचे आकाराम सकाळी सातला बाहेर. राहिले मी. आणि मला काय पडलं होतं?

आता डिसेंबरातला तो स्लॅबचा दिवस.

स्लॅब टाकायच्या आधी सळीच्या जाळीवर हळदकुंकू वाहून नारळ फोडतात, तुम्हाला माहीत असेल. अक्कांनी पहाटे उठून ताट केलं होतं. नवी साडी नेसून शिडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. सम्राट वरनं म्हणाला, "काकी, तुम्ही नगा येऊ वर. रागावू नगासा, पर ह्या कामाला सवाष्णीचा हात लागतोय. वास्तुशांत हुईस्तोवर तुम्ही वर पाऊलच ठेवू नगा. घराला चांगलं नसतंय."

आपल्याच जिल्ह्यात ह्या असल्या प्रथा बंद करायचे ठराव झालेत. आमच्या बचत गटानं त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या, मी पण वाजवल्या होत्या. अक्कांचा चेहरा असा झाला की कुणीतरी गालावर मारावं. ज्या बाईचं घर, तिलाच घरावर चढायची बंदी. आता वाटतं, त्याला सवाष्णीचं काही नव्हतं. मालकीण वर यायला नको होती, एवढंच होतं. पण तेव्हा एक शब्द मी बोलले नाही. कारण अक्कांनी ताट माझ्या हातात दिलं.

साहेब, चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या वर होते. शिडीनंच नव्हे. मी पदर खोचला आणि चढले. खाली अक्का तोंड वर करून बघत होत्या. काय गोड लागलं मला ते, काय सांगू.

वर जाळीपाशी बसले, कुंकू वाहिलं. आणि हात आपसूक पसरला. मी शिंपीण आहे, कापड दिसलं की वीत टाकते, तसं सळीवर टाकली. माझी वीत पावणेआठ इंच आहे. दोन सळ्यांत वीत बसली आणि वर दोन बोटं उरली. नकाशात सहा इंच लिहिलंय, हे मला पाठ होतं, कारण अक्का आंघोळीला गेल्या की मी तो नकाशा वाचायचे. कडेची फळी बघितली. स्लॅब जेवढा जाड होणार तेवढीच फळी उंच असते. चार बोटं. म्हणजे तीन इंच. नकाशात पाच.

मी म्हटलं, "सम्राट, सळी सहा इंचावर हाय न्हवं नकाशात?"

तो मोठ्यानं म्हणाला, "वैनी, ब्लाऊज न्हाय शिवायचा! स्लॅब हाय!" सगळे गवंडी हसले. मग नारळ माझ्या हातात देताना जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पुढल्या वर्षी तुमचा पत्रा काढू की वैनी. जमल त्येवढ्यात करून देतो, घरचं काम समजून. आणि काकींच्यापेक्षा दोन इंच वर घेऊ. गल्लीत उठून दिसंल."

दोन इंच वर.

तुम्हाला तुमच्या खुर्चीवर कुणी काय दिलं मला माहीत नाही. मला त्यानं दोन इंच दिले, तेही नुसते तोंडानं. मी नारळ फोडला. खाली आले. अक्कांनी विचारलं, "नीट झालं?" मी म्हटलं, "झकास."

सहाव्या दिवशी त्यानं स्लॅबखालचे टेकू काढले, दुसऱ्या साइटला सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा पाहिजे होत्या म्हणून. पंधरा दिवस तरी ठेवायचे असतात, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी फोटो काढला. गप्प बसले. मार्चमध्ये तुमचा दाखला आला. अक्कांनी तो लॅमिनेशन करून देवघराशेजारी लावला. एप्रिलात जिना झाला, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. सम्राट टोपी-टॉवेलचा आहेर घेऊन गेला. मी पुरणाचं वाटण वाटून हात दुखवून घेतले, आणि लोक अक्कांना म्हणत होते, "घर न्हाय, बंगला!"

जूनमध्ये मी सम्राटला फोन केला, पत्र्याचं बघतोस ना म्हणून. म्हणाला, "कोन बोलतंय?" नाव सांगितलं. "आत्ता साइटवर हाय वैनी, लावतो माघारी." परत कधी लावला नाही. चार वेळा केला. पाचव्यांदा नंबर लागेना.

जुलैत अक्कांच्या पुढच्या खोलीत, आढ्याला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केसाएवढा तडा दिसला. ऑगस्टमध्ये त्यात पोस्टकार्ड जाईल एवढा झाला. त्याच आठवड्यात अनुजाचा फोन आला, सातवा लागला, दिवाळीला बाळंतपणाला येते. अक्का गल्लीभर सांगत सुटल्या. माझ्या पोटी लेक नाही. एक मुलगा आहे, तो बंगळूरला, फोन उचलत नाही. माझ्याकडं बाळंतपणाला कोण येणार? मी त्या रात्री झोपले नाही. पोरगी आणि तान्हं बाळ त्या तड्याखाली येणार ह्याची भीती होती. आणि अक्कांच्या घरात पाळणा हलणार, ह्यानं पोटात आग पण होती. कुठलं किती, मला वेगळं करता येत नाही. सकाळी तक्रार लिहिली. सम्राटनं फोन उचलला असता तर लिहिली असती का? नसती कदाचित. घ्या, हेही लिहिलं.

तुमचं उत्तर आलं, त्याची प्रत अक्कांनाही आली. त्या कागद घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"तुला बघवंना व्हय गं?"

"अक्का, तडा गेलाय—"

"तडा तुझ्या डोळ्यांत हाय! मशीन फिरवून बसलीस ते मला कळत न्हाय? साहेबांनी बी लिवलंय बघ, आकस! शिकलेला मानूस हाय त्यो, त्याला दिसलं. माझी लेक येनार तर हिला पोटशूळ!"

गल्ली दारात आली. खोटं एक अक्षर त्या बोलल्या नव्हत्या. फक्त स्लॅब खरोखर पातळ होता.

महिनाभर बोलणं बंद. मग मागच्या रविवारी अक्कांनी आकारामांना हाक मारली. पाळण्यासाठी आढ्याला कडी बसवायची होती. आकाराम फौंड्रीतनं ड्रिल मशीन मागून घेऊन आले होते. अक्का वर गच्चीत बाळाच्या दुपट्यांना ऊन दाखवत होत्या. मी मशीनवर, नेहमीसारखी. डोळा तिकडंच.

ड्रिलचा आवाज सुरू झाला. अर्धं मिनिटही झालं नसेल आणि वरनं अक्का ओरडल्या, "अगं आई गं! भावजी, थांबा! दुपट्यात काय घुसलं हे?"

खालनं आकाराम, "काय घुसलं?"

"फिरतंय! तुमचं ते फिरतंय हितं वर!"

ड्रिलचं टोक स्लॅब फोडून वर आलं होतं आणि एक पिवळं दुपटं त्याला गुंडाळलं होतं. आकाराम खाली शिडीवर उभे, डोक्यावर भुगा, हातात मशीन. "वैनी, मी जोर बी लावला न्हाय हो," म्हणाले. "लोण्यात गेल्यागत गेलं."

अक्का जिन्यावरनं खाली आल्या. माझ्याकडं बघितलं नाही. कंपाउंडशी येऊन म्हणाल्या, "टेप घेऊन ये."

मी टेप नेली आणि स्वेटर विणायची सुई नेली. सुई खालनं भोकात घातली. अक्का परत वर जाऊन भोकावर बोट लावून बसल्या. मी खालनं खडूनं खूण केली आणि टेपवर धरली. खालचं प्लास्टर धरून तीन इंच दोन सूत. प्लास्टर सोडलं तर पावणेतीन. अक्कांनी फाइल काढली. मी बोट ठेवलं, पाच. त्यांनी तो आकडा बराच वेळ बघितला, जसं काही तो आत्ता कुणीतरी लिहिला.

आणि मग माझ्या तोंडातनं निघून गेलं. "मला ठावं हुतं अक्का."

"काय?"

"पातळ हाय ते."

"कवापास्नं?"

"नारळ फोडला तवापास्नं. वर गेलते न्हवं मी. वीत टाकून बघितलंवतं."

आकाराम म्हणाले, "क्रांती, गप." मी गप्प बसले नाही. टेकू, भुगा, दोन इंच, सगळं सांगितलं. फोनमधले फोटो दाखवले, तारखेसकट. अक्का फोटो बघत होत्या. एकेक करून, बोटानं सरकवून. मला वाटलं, आता मारतील. मारायला पाहिजे होतं.

"एवढे फोटू?" त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात बी एवढं काढलं नव्हतं कुनी."

मग बसल्या खाली फरशीवर. "ताट मी तुझ्या हातात दिलं क्रांती. मन मारून दिलं. म्हटलं, मला न्हाय तर न्हाय, घरातलीच हाय, हिची तरी नजर असंल."

मी टेप गुंडाळली, साहेब, आणि परत उलगडली.

अक्कांनी स्वतःच्या फोनवरनं सम्राटला लावला. लगेच उचलला. "बोला काकी!" अक्कांनी सांगितलं. तो हसला. स्पीकर चालू होता, आम्ही तिघांनी ऐकलं. "काकी, कुनाचं ऐकालाय? साहेबांचा दाखला हाय की भिंतीवर! माझं काम खराब असतं तर शिकलेल्या मानसानं सही केली असती व्हय? आता काय असंल ते साहेबांस्नी विचारा. मी कशाला येऊ?" आणि ठेवला.

ऐकलंत? तो तुमच्या सहीच्या आडोशाला उभा आहे. सळी त्यानं चोरली, पण ती चोरी झाकणारा कागद तुमचा आहे. तो कागद नसता तर त्या बाईनं मला नाही तरी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला आणि लॅमिनेशन केलं.

मी म्हटलं, परत अर्ज करू. अक्का म्हणाल्या, "कर. पर ह्या वेळंला तुझं जळनं बी लिव्ह. सगळं. न्हायतर परत म्हनत्याल आकस." म्हणून हे एवढं लांबलंय. खाली दोघींच्या सह्या आहेत. सोबत फोटो आहेत, नकाशाची प्रत आहे, आणि भोकाचं माप आहे.

त्या दिवसापासून अक्का आमच्याकडं झोपतात. दोन खोल्या, तीन माणसं, वर पत्रा. ऑक्टोबरचं ऊन दुपारी आत उतरतं ते रात्री अकरापर्यंत जात नाही. काल त्यांनी पिठलं केलं आणि आकाराम म्हणाले, "वैनी, असलं पिठलं आमच्या घरात झालंच न्हाय कवा." चोवीस वर्षं मी पिठलं करते. माझा घास तिथंच थांबला. तर जळणं गेलेलं नाही, तशी खोटी बतावणी मी करणार नाही. पण अक्का उठून दुपारी भांडी आणायला त्या घरात जातात तेव्हा मी मशीन थांबवते आणि त्या बाहेर येईपर्यंत सुईत दोरा ओवत नाही.

अनुजा अठरा तारखेला पुण्यासनं येतेय. तिकीट काढलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. नववा लागलाय, धसका घेईल. सासरी जागा नाही, भाड्याची खोली बाळंतिणीला कुणी द्यायला तयार नाही. आमच्या पत्र्याखाली चार माणसं आणि एक तान्हं बाळ मावत नाही, आणि त्या स्लॅबखाली मी तिला जाऊ देणार नाही.

मी जळते, हे तुम्हाला मान्य होतं, मलाही मान्य आहे. तो मुद्दा मिटला. आता सांगा, स्लॅबची जाडी किती आहे? तुम्ही मोजली असेल तर कुठल्या तारखेला, कशानं, आणि बरोबर कोण होतं? मोजली नसेल तर तो दाखला रद्द करताय का नाही? करत नसाल तर स्वतःच्या हातानं, शिक्क्यासह, एक ओळ लिहून द्या की ह्या घरात बाळंतीण आणि बाळ निजवायला हरकत नाही, आणि काही झालं तर जबाबदारी माझी. अठरा तारखेच्या आत लिहा. लिहिताय का?